देवयानीला नीळ कुणी घातली?

मी पडदा आहे. खिडकीचा नव्हे, कॉम्प्युटरचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी राहतो शिंप्याच्या दुकानात, आणि तिथे पडदा म्हटलं की गिऱ्हाईक लगेच लांबी-रुंदी सांगायला लागतं.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. माझ्या अंगावरून लाखो अक्षरं गेली, पण त्यातलं एकही मला वाचता येत नाही. मला रंग कळतात. तेवढं एकच येतं, पण ते चोख येतं. ही बढाई वाटली तर वाटू दे. म्हाताऱ्याला एवढी सूट द्यायला हरकत नसावी.

जन्म कारखान्यातला. पुढे काच, पाठीशी उजेडाच्या बारीक नळ्या, खाली एक पाय. आईबाप कोण ते माहीत नाही. डोळे उघडले ते एकदम फोटो स्टुडिओत, आणि माझं जे काही शिक्षण झालं ते तिथेच.

फोटोवाला मोठा शिस्तीचा माणूस. अधूनमधून तो एक छोटं यंत्र माझ्या तोंडावर जळूसारखं चिकटवायचा. मग मी लाल दाखवायचो, हिरवा दाखवायचो, निळा दाखवायचो, पांढरा, करडा, काळा. मी कुठे घसरलो ते यंत्र त्याला सांगायचं आणि तो मला सरळ करायचा. असा मी तालमीतला गडी. माणसं मात्र खरा रंग बघायला कधी आली नाहीत. आया म्हणायच्या, मुलीला जरा उजळ करा. टक्कल पडलेले म्हणायचे, इथे थोडी सावली टाका. फोटोवाला हं हं करत ऐकायचा. मी गप्प बसून जसं आहे तसं दाखवायचो. माझं काम ते. आरशाला आणि मला खोटं बोलायची मुभा नाही.

पुढे स्टुडिओत माझ्यापेक्षा मोठा पडदा आला आणि मी रिकामा झालो. शेजारच्या दुकानातला शिंपी मला मागून घेऊन गेला. स्टुडिओत फोटोमागे लावायचं कापड त्यानेच शिवलेलं, त्यामुळे दोघांचा घरोबा होता. फोटोवाल्याने निरोप देताना माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाला, "मास्तर, याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा." शिंप्याने ते अगदी शब्दशः घेतलं म्हणायचं. पण त्याकडे येतो.

दुकान म्हणजे एक लांब खोली. पुढे काउंटर, मध्ये कापायचं टेबल, भिंतीला रिळांची फळी, आणि मागच्या कोपऱ्यात मी. शिंपी मशीनवर, त्याची बायको समोर स्टुलावर बसून काजं-बटणं करायची. दोघं दिवसभर बोलत, भांडत, आणि भांडण अर्धवट टाकून चहा पीत. मला वाटलं, आता म्हातारपण हिशेबाच्या आकड्यांवर जाणार. पण नशिबात आकाश होतं.

झालं असं, शिंप्याच्या बायकोचा मोठा भाऊ नळजोडणीचं काम करायचा. जुनी मालगाडीसारखी खडखडणारी व्हॅन, तिच्यात पाइप, पाने आणि त्यांच्याच खाली गोधडीत गुंडाळलेली दुर्बीण. हा गडी गावाबाहेर अंधारात जायचा, दुर्बिणीला कॅमेरा लावायचा आणि तेच ते चित्र पुन्हा पुन्हा घेत बसायचा. सकाळी झोपून उठला की दुपारी कार्ड घेऊन दुकानात हजर. चित्रं घ्यायची त्याने, शिवायची शिंप्याने, असा दोघांचा करार. शिंपी 'शिवणं' हाच शब्द वापरायचा, आणि मी पाहिलंय, तो काही चुकीचा नव्हता.

कॅमेऱ्यातून आलेलं चित्र बघाल तर थुंकाल. काळंकुट्ट, त्यावर गावच्या दिव्यांचा मळका नारिंगी डाग, आणि मधोमध एक पुसट धब्बा. अशी ढीगभर चित्रं. शिंपी त्यांची थप्पी लावायचा, जसं एका मापाचे सदरे कापताना कापडाच्या घड्या एकावर एक बसवतात तशी. प्रत्येक चित्रातली खरखर, म्हणजे कणाकणांचा कचरा, वेगळ्या जागी, आणि तारे मात्र त्याच जागी. थप्पी नीट बसली की खरखर आपोआप विरते आणि धब्बा उठून येतो. मग ते चित्र ताणायचं. कमी ताणलं तर काही दिसत नाही, जास्त ताणलं तर कापडाची वीण उघडी पडावी तसे कण दिसायला लागतात. हे ताणणं शिंप्याच्या हातात छान होतं. बेताने, थांबत थांबत. नारिंगी डाग काढायचा तोही असाच, आजूबाजूचं न फाडता.

शेवटी रंग. इथे तो कुणाचं ऐकायचा नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आलेख यायचा. लाल, हिरवा आणि निळा असे तीन ढिगारे. रिकाम्या आकाशाला स्वतःचा रंग नसतो, म्हणून हे तिन्ही ढिगारे पायाला पाय लावून एका जागी बसले पाहिजेत, असं मेहुण्याने कुठून तरी शिकून आणलेलं. शिंप्याला हे पटेना. तो म्हणायचा, मी जन्मभर अस्तराला कापड आणि कापडाला दोरा नजरेने लावला, आता ढिगारे बघून लावू काय? त्याने सुटाच्या कापडाचा एक तुकडा घेतला आणि माझ्या त्या कोपऱ्यावर डकवून टाकला. आलेख झाकला गेला. डोळ्यात खुपतो म्हणे. फोटोवाल्याने सांगितलेला विश्वास हा असा.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. मृगातला तेजोमेघ गुलाबी उतरला. कृत्तिकांभोवतीचं धुकं निळं उतरलं, आणि ते खरोखरच निळं असतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की शिंपी माप घेता घेता त्याला माझ्यासमोर उभा करायचा. पोटाभोवती टेप, आणि समोर तारकागुच्छ. बिचारा श्वास सोडायचा विसरायचा आणि पँट सैल व्हायची.

मग हळूहळू चित्रं निळी व्हायला लागली. मी रोज बघत होतो. शिंपी माझ्यासमोर बसायचा, डोळे बारीक करायचा, पिवळट दिसतंय म्हणायचा आणि निळा वाढवायचा. परत बघायचा, अजून पिवळट. अजून निळा. मी आपला जे आहे ते दाखवतोय, आणि तो माणूस भलतंच बघतोय. ओरडायला तोंड नाही. पडद्याच्या जन्माला येऊन हाच एक त्रास.

फक्त माझ्याबाबतीत नव्हतं ते. घरी धुतलेल्या चादरी पिवळट निघतात म्हणून तो बायकोवर खेकसायचा. ती बिचारी निळीचा थेंब वाढवायची. आणि एक गोष्ट मला दिसायची जी दुसऱ्या कुणाला दिसत नव्हती. शिंपी जेवायला घरी गेला की ती शिवून तयार झालेल्या कपड्यांचा गठ्ठा उजेडात न्यायची, एकेक शिवण बघायची. काळ्या पँटला गडद निळा दोरा, तपकिरी कोटाला जांभळट. ती ब्लेडने शिवण उसवायची, बरोबर दोरा भरायची आणि मशीनवर बसून पुन्हा घालायची. तो यायच्या आत कपडा इस्त्री होऊन जागेवर. एक शब्द नाही. तो येऊन म्हणायचा, बघ, या हाताची शिवण अजून कशी सरळ येते. ती म्हणायची, येणारच.

मी बायका पुष्कळ पाहिल्या, स्टुडिओत तर रोज. पण अशी पाहिली नाही.

आता मुख्य भानगड. गावात आकाशवेड्यांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा ते वाचनालयाच्या हॉलमध्ये आपली चित्रं टांगायचे. त्या वर्षी या दोघांनी देवयानी काढली. देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेची मोठी शेजारीण, ताऱ्यांची भलीमोठी तिरकी थाळी. मधला गाभा जुन्या ताऱ्यांचा, म्हणून पिवळसर, आणि कडेच्या वळ्या निळसर. मेहुणा तिच्यासाठी कितीदा गारठून आला होता. शिंप्याने तिच्यावर जीव ओतला. छापून आणलं, चौकट केली, आणि मंडळाने ते नम्रपणे परत पाठवलं. चित्र सुरेख आहे, पण रंग गेलाय, असा निरोप.

मेहुण्याने चौकट टेबलावर ठेवली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "भावोजी, ही देवयानी आहे की नीळ घातलेली चादर?"

शिंप्याने माझ्याकडे बोट केलं. हा म्हातारा पिवळा पडलाय, म्हणाला, मी याला बघून रंग लावतो आणि हा मला फसवतो. नाचता येईना म्हणे अंगण वाकडं. ते अंगण म्हणजे मी. मेहुण्यानेही मान हलवली. जुनं झालं की दोष त्याचाच, हे सगळीकडे ठरलेलंच असतं.

मला कापायच्या टेबलाखाली टाकलं, चिंध्यांच्या पोत्याला टेकून. वर नवा पडदा आला. पातळ, चकचकीत, पायसुद्धा नाजूक. कानामागून आली अन् तिखट झाली, दुसरं काय. टेबलाखालून मला चपला दिसायच्या आणि शिंप्याचा पाय मशीनच्या पायट्यावर. आणि कानावर पडायचं. शिंपी पुन्हा देवयानी शिवायला बसला. नव्या पडद्यावरही त्याने तोच कापडाचा तुकडा डकवला. आणि थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, हाही पिवळटच आहे की.

तेव्हा मला कळून चुकलं. आणि वर स्टुलावर त्याच्या बायकोच्या बांगड्यांची किणकिण थांबली, म्हणजे तिचाही संशय पक्का झाला.

दुसरं चित्र आधीच्यापेक्षा निळं निघालं. मेहुण्याने सरळ फोटोवाल्याला बोलावून आणलं, यंत्रासकट. सोनाराने कान टोचलेले बरे. फोटोवाल्याने आधी नव्याला यंत्र लावलं. मग मला टेबलाखालून काढलं, अंगावरच्या चिंध्या झटकल्या, पुसलं आणि मलाही लावलं. किती वर्षांनी ती जळू तोंडावर बसली. मी आयुष्यात इतका सावध उभा राहिलो नाही. लाल. हिरवा. निळा. पांढरा.

दोन्ही ठीक आहेत, फोटोवाला म्हणाला. जुना थोडा मंद झालाय, पण रंग खरा दाखवतो. मग त्याचं लक्ष नव्या पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. हा तुकडा कशाला, म्हणून त्याने तो ओढून काढला. खाली आलेख. लाल आणि हिरवा ढिगारा शेजारी शेजारी, आणि निळा पार दूर उजवीकडे, रागावून माहेरी निघालेल्या बाईसारखा एकटा.

शिंपी म्हणाला की यंत्र जुनं आहे. फोटोवाला म्हणाला, असेल. त्याला काय सांगणार? मेहुणा छताकडे बघत राहिला.

तेव्हा शिंप्याची बायको उठली. तिने फळीवरून दोऱ्याचा डबा काढला, त्यात उसवलेल्या दोऱ्यांचा गुंता होता, मुठीएवढा. तो तिने टेबलावर ठेवला.

"हे सगळं तुमच्या शिवणीतलं आहे," ती म्हणाली. "तुम्ही जेवायला गेलात की मी उसवून परत घालते."

शिंप्याने गुंता हातात घेतला. खिडकीपाशी गेला, डोळ्याजवळ धरला, लांब धरला. त्याला त्यात एकच रंग दिसत असणार. मग त्याने विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही चादरींवर चिडायला लागलात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या वडिलांचं झालं ते मी पाहिलंय ना."

इथे तुम्हाला सांगायला हवं. शिंप्याचे वडीलही शिंपी. त्यांना मोतीबिंदू झाला, तो जुना काळ, ऑपरेशन झालं तरी बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा लागला, आणि त्यांनी पुन्हा कात्री धरली नाही. राहिलेलं आयुष्य त्यांनी या काउंटरवर बटणं वेगळी करत काढलं. शिंप्याच्या पोटात तीच भीती होती. आकाश चुकलं तर चुकलं, पण हात थांबले तर काय? डोळे दाखवायला गेलं की डॉक्टर नाव देणार, आणि नाव दिलं की ते खरं होणार. म्हणून तो मला शिव्या देत होता. आता कळल्यावर मला रागच येईना. येतो म्हटलं तरी येईना.

त्या दिवशी त्याने मशीनवर कापड झाकलं आणि दुकान लवकर बंद केलं. मी वरच राहिलो, कुणी परत खाली टाकलं नाही.

पुढचं मेहुण्याने अंगावर घेतलं. व्हॅन दारात आणली, भावोजींना पुढे बसवलं. शिंपी घाबरलेला, म्हणून वाटेत त्याला समजावत होता म्हणे, की डॉक्टरचं आणि माझं काम एकच, गढूळ झालेली तोटी काढायची आणि नवी बसवायची, पाणी लगेच स्वच्छ. शिंपी म्हणाला, मेहुणे, तुम्ही आमच्या मोरीत तोटी बसवली ती अजून गळतेय. बायको मागे बसली होती. हे सगळं ती नंतर दुकानात सांगत होती, आणि हसताना तिने डोळ्याला पदर लावला.

निघाला मोतीबिंदूच. एका डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. काळा चष्मा लावून तो दुकानात आला तो थेट माझ्यापुढे बसला. नव्यापुढे नाही. परत आलेली देवयानी लावायला सांगितली. चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा झाकला आणि जुन्याने बघितलं. मग जुना झाकला आणि नव्याने बघितलं. पुन्हा हा. पुन्हा तो. दुकानात आलेलं गिऱ्हाईक बघतच राहिलं, मास्तर कुणाला डोळे मारतायत म्हणून.

"याच्यातून चहा," तो हळूच म्हणाला, "आणि याच्यातून नीळ."

बायकोने विचारलं, फार निळी आहे का? तो म्हणाला, घाण निळी आहे. आणि हसायला लागला, आणि हसता हसता थांबला, कारण त्याची नजर तिच्यावर गेली होती. दारातल्या उजेडात ती उभी होती. तो म्हणाला, तुझे केस इतके पांढरे कधी झाले? ती म्हणाली, तुम्ही चहातून बघत होतात तेव्हा. मग त्याने खुंटीवरचा धुतलेला पांढरा सदरा हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत लावून ठेवला. धुण्याबद्दल त्या माणसाने त्यानंतर तोंड उघडलं नाही. माफी मागायची त्याची रीत तीच.

दुसऱ्या डोळ्याचंही झालं. कात्री थांबली नाही. उलट सुईत दोरा ओवायला तो आता बायकोला बोलवत नाही, आणि हे तिला फारसं आवडलेलं नाही असं मला वाटतं.

देवयानी त्याने पहिल्यापासून नव्याने शिवली. थप्पी, ताणणं, डाग काढणं. आलेखावर कापड नव्हतं. तो आधी नजरेने लावायचा, मग ढिगारे बघायचा, मग ढिगाऱ्यांना एखादी शिवी देऊन त्यांचं ऐकायचा. गाभा जुन्या लोण्यासारखा पिवळसर आला, वळ्यांवर अगदी जपून निळसर झाक. मेहुण्याने पाहिलं आणि जरा हिरमुसला. खरं सांगू का भावोजी, म्हणाला, ती निळी जास्त उठून दिसत होती. शिंपी म्हणाला, गिऱ्हाईकाला शोभेल तसं शिवतात, मेहुणे, पण ती काही गिऱ्हाईक नाही. आहे तशीच राहू दे तिला. मंडळाने ती टांगली. बहुतेक माणसं तिच्यासमोर थांबली नाहीत, शेजारच्या भडक गुलाबी तेजोमेघासमोर थांबली. शिंप्याला त्याचं काही वाटलं नाही.

नवा पडदा आता पुढे काउंटरवर असतो, बिलं दाखवायला. आकाशाचं काम माझ्याकडे. पण माझं वय झालंय. पाठीतल्या उजेडाच्या नळ्या थकल्यात. आणि आता, बाबांनो, मी खरोखरच पिवळा पडतोय. पांढरा दाखवायला जातो आणि त्याला ताकावरच्या पाण्याची कळा येते. मला कळतं, पण हातात काही नाही.

परवा दुपारी शिंपी एक तारकागुच्छ घेऊन माझ्यासमोर बसला. बघितलं, डोळे पुसले, परत बघितलं. पिवळट दिसतंय, तो म्हणाला, पण कुणाला ऐकू जाऊ नये असं. निळ्याला हात लावला नाही. मला शिवी दिली नाही. कापायला काढलेलं कापड तसंच टाकून तो उठला, बायकोला म्हणाला, चल माझ्याबरोबर, आणि दोघं चालत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. दुकान सताड उघडं. तेवढा वेळ मी आणि नवा पडदा, दोघांनी राखण केली.

मला आयुष्यात कधी घाम आला असेल तर तेव्हा. नळ्या थकलेल्या माझ्या, आणि जीव टांगणीला त्याचा. मनात म्हटलं, मीच आहे, अरे, मीच आहे, या खेपेला तू नाहीस.

ती दोघं परत आली तेव्हा त्यांच्या चालण्यावरूनच समजलं. बायको पुढे, काहीतरी बोलत, आणि शिंपी मागून हळू, हातात पिशवी, वाटेत भाजीसुद्धा घेतलेली. डॉक्टर म्हणाला होता की डोळे लहान मुलासारखे आहेत, उगाच येऊ नका.

शिंपी माझ्यासमोर बसला. मला बघितलं. खिशातून रुमाल काढून माझी काच पुसली, कोपऱ्यांपर्यंत, फोटोवाला पुसायचा तशी.

"म्हणजे या खेपेला तू," तो म्हणाला.

हो, या खेपेला मीच. उद्या-परवा तो मला उतरवेल आणि नवा पडदा मागे येईल, आणि तो येऊ दे, त्याला रंग बरे दाखवता येतात, मी यंत्राकडून ऐकलंय. माझी कुणाकडे तक्रार नाही. तुमच्याही घरात एखादं जुनं काहीतरी कोपऱ्यात उभं असेल, त्याच्या नावाने खडे फोडण्याआधी एकदा उजेडात जाऊन डोळे तपासून या, एवढंच सांगतो. आमच्या दोघांपैकी एक जण पिवळा पडायचाच होता. तो मी पडलो. रीळ निवडताना तो आता फळीसमोर क्षणभरही थांबत नाही, आणि इथून, माझ्या पिवळ्या कोपऱ्यातून, मला ते नीट दिसतंय.